चर्च, क्वेकर सभा की सगळेच धर्म आपले?

आमच्या चर्चच्या मंडळीतला एक तरुण परवा रंकाळ्यावर भेटला. म्हणाला, "काका, उपासनेत मन लागत नाही. क्वेकर व्हावं म्हणतो, नाहीतर सगळे धर्म खरे मानून मोकळं व्हावं." आणखी कुणी याच फाट्यावर उभं असेल, म्हणून लिहितोय. मी जन्मानं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आहे आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं लेखन बरीच वर्षं वाचतोय, तेव्हा माझा तराजू पुरता सरळ नाही.

चर्चबद्दल थोडक्यात. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची ही परंपरा. पाळक, प्रवचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, नारायण वामन टिळकांची गीतं. प्रवचन लांबतं, घरी रस्सा आटतो. पण दवाखान्यात डबा आणणारी आणि मयताला खांदा देणारी माणसं मला तिथेच मिळाली.

क्वेकरांची वाट सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सनं घालून दिली. पाण्याचा बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. जुन्या पद्धतीच्या सभेत पाळकही नसतो. तासभर सगळे गप्प बसतात. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर उभं राहून चार वाक्यं बोलतो. निर्णयाला मतदान नाही. आपल्याकडे लोकांना हे विपश्यनेसारखं वाटतं, पण इथली शांतता सगळ्यांनी मिळून ऐकायची असते. त्यामुळे कोल्हापुरात एकटाच क्वेकर म्हणजे एकट्याची दिंडी. भारतातलं त्यांचं जुनं काम मध्य प्रदेशात, होशंगाबादजवळच्या (आताचं नर्मदापुरम) रसूलियाला. शिवाय केनियातल्या बहुतेक क्वेकर मंडळ्यांत पाळकही असतात आणि गाणीही, म्हणजे नुसत्या शांततेवर भाळून जाऊ नका. खरी अडचण वेगळीच आहे: ते शस्त्र उचलत नाहीत. पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं ज्या जिल्ह्यात गावोगाव दिसतात, तिथे घरी हे कसं सांगणार?

युनिव्हर्सलिझम या शब्दाखाली दोन गोष्टी खपतात. एक, शेवटी देव सगळ्यांनाच तारतो. हे मानून चर्चच्या बाकावर बसता येतं, पाळकांच्या भुवया उंचावतील इतकंच. दुसरी, प्रकाश सगळ्याच धर्मांत आहे. यासाठी परदेशी नाव कशाला? जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म'मध्ये (१८९१) एकाच घरात बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान आणि सत्यधर्मी गुण्यागोविंदानं राहतात. शाहू महाराजांच्या कोल्हापूरला ही कल्पना नवी नाही. मात्र असं घर मनात बांधणं सोपं. रविवारी दहा वाजता तिथे तुमच्याशेजारी कोण बसणार, ते विचारा.

ख्रिस्त टाळायला क्वेकर होणार असाल तर फसाल. ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्या माणसात त्याचाच प्रकाश काम करतो, असं क्वेकर लेखक रॉबर्ट बार्कलेनं १६७६ मध्येच लिहून ठेवलंय. ख्रिस्त की नुसता प्रकाश, यावर क्वेकरांत आजही वाद आहे.

मला आपल्याजवळचा दाखला जास्त पटतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी.

त्या पोराला मी म्हटलं, रविवार सोडू नकोस. बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, तासभर गप्प बसू. तो हो म्हणालाय. तिसरा माणूस शोधतोय.