युद्धकाळातील हाउस-सामन्यांचे दप्तर : एका शालेय नियतकालिक-संग्रहाचे परीक्षण

इंग्लंडमधील बऱ्याच जुन्या निवासी शाळांनी आपल्या शालेय नियतकालिकांचे अंक स्कॅन करून संकेतस्थळांवर उपलब्ध केले आहेत. मुलांच्या अशाच एका शाळेच्या माजी विद्यार्थी संघटनेने चालवलेला संग्रह मी बऱ्याच काळापासून वापरत असून, हे परीक्षण त्यातील १९३९ ते १९४५ या वर्षांच्या अंकांपुरते आहे. पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्यांचा रोख एका संस्थेपेक्षा अशा संग्रहांच्या एकूण रचनेवर आहे, म्हणून शाळेचे नाव घेत नाही. माझे मत मात्र आधीच सांगतो. खेळाच्या इतिहासात रस असणाऱ्याने हा संग्रह जरूर वापरावा, पण शोधपेटीच्या भरवशावर न राहता अंक पानापानाने वाचावेत.

हाउस म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर लाल, निळा, पिवळा अशा रंगांवरून पाडलेले गट येतात. या शाळांमधील हाउस ही त्याहून फार वेगळी गोष्ट आहे. मुलगा ज्या इमारतीत झोपतो, अभ्यास करतो आणि आजारी पडला तर ज्या हाउसमास्तरांच्या देखरेखीखाली असतो, ते त्याचे हाउस असते आणि शाळा सोडेपर्यंत ते सहसा बदलत नाही. त्यामुळे हाउस-हाउसमधील चुरस बाहेरच्या शाळांशी होणाऱ्या सामन्यांहून तसूभरही कमी नसे. कित्येक शाळांत अजिंक्य ठरलेल्या हाउसला ‘कॉक हाउस’ असा किताबच आहे. असे असूनही शांततेच्या काळातील अंकांत मानाची पाने बाहेरच्या सामन्यांना मिळत आणि हाउस-सामने मागच्या बाजूला बारीक टाइपात उरकले जात. युद्धाने हा क्रम उलटा केला, आणि या संग्रहाचे खरे मोल मला त्यातच दिसते.

हे घडले कसे, ते अंक सलग वाचताना उलगडत जाते. सप्टेंबर १९३९ मध्येच पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४२ च्या जुलैपासून खासगी मोटारींचा मूळ कोटाही बंद झाला. रेल्वेवर सैन्याच्या वाहतुकीचा ताण होता, त्यामुळे अकरा किंवा पंधरा मुलांचा संघ दुसऱ्या परगण्यात नेणे ही चैन ठरली. शाळांच्या नेमबाजीचा मानबिंदू असलेला बिस्लीचा वार्षिक मेळावा १९४० पासून युद्ध संपेपर्यंत भरलाच नाही. उरली ती एकाच आवारातील हाउसे, आणि संपादकांनी आपली सारी लेखणी त्यांच्याकडे वळवली. फुटबॉल, स्टीपलचेस (अडथळे ओलांडत धावण्याची शर्यत), बॉक्सिंग, फाइव्ह्ज (हाताने चेंडू भिंतीवर मारण्याचा खेळ), पोहणे, छोट्या रायफलीची नेमबाजी, सगळ्यांचे वृत्तांत लांब झाले. कागद कमी पडत असताना ते लांब झाले, हे विशेष आहे.

मला सर्वांत आवडतो तो १९४२ चा उन्हाळी अंक. त्यात कनिष्ठ गटाच्या क्रिकेटच्या अंतिम सामन्याचे दीड पानभर वर्णन आहे. सामना चहानंतर सुरू होऊन त्याच संध्याकाळी संपला, हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते; परंतु १९४१ पासून ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे ग्रिनिच प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे ठेवली जात असत, त्यामुळे जूनमध्ये दक्षिण इंग्लंडात सूर्य मावळेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जात. दिवसा शेतावर मदतीला गेलेली मुले रात्रीच्या जेवणाआधी सामना पुरा करू शकत, ती या उजेडाच्या जोरावर. मैदानाच्या एका कडेला बटाटे लावलेले होते. चेंडू त्या सरींत गेला की फलंदाजांना ठरावीक धावा मिळत आणि खेळ थांबवून दोन्ही हाउसांची मुले चेंडू शोधत, कारण नवा चेंडू मिळण्याची शाश्वती नव्हती. मैदानाची निगा राखणारा माणूस सैन्यात गेल्याने खेळपट्टीवर रोलर मुलांनीच फिरवला होता, याचीही नोंद एका वाक्यात येते. कोणतीही वाहवा न करता केलेले हे वर्णन इतके नेमके आहे की ते मी पुन्हा पुन्हा वाचले आहे.

याच अंकांतून कपड्यांची गोष्टही कळते. १ जून १९४१ पासून कपडे कूपनांवर मिळू लागले. तेव्हापासून ‘कलर्स’, म्हणजे संघाची खास जर्सी वा टोपी घालण्याचा मान, मिळालेल्या खेळाडूंची नावे पूर्वीसारखीच छापली जात राहिली, पण जर्सी आणि टोपी मात्र शाळा सोडून जाणाऱ्या मुलाकडून येणाऱ्या मुलाकडे जाऊ लागली. मान नवा आणि वस्त्र जुने, ही पद्धत मुलांनी किती सहज स्वीकारली हे त्या रकान्यांतून जाणवते.

हाउसच्या कर्णधारांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. सैन्यात प्रत्यक्ष बोलावण्याचे किमान वय १९४२ च्या अखेरीस १८ वर आले, त्यामुळे मोठी मुले शालेय वर्ष पुरे होण्याआधीच जाऊ लागली आणि एकाच हाउसचे कर्णधार सत्रागणिक बदलू लागले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर संघ निवडण्याची, सराव घेण्याची आणि रात्री बॉम्बहल्ल्यात लागणाऱ्या आगीवर पहारा ठेवणाऱ्या तुकडीची पाळी लावण्याची जबाबदारी एकदमच येऊन पडे. हाउस-कपाच्या निकालातील चढउतार या पार्श्वभूमीवर वाचले तरच समजतात. एरवी मागल्या वर्षीचे अजिंक्य हाउस यंदा तळाला का गेले, याचे उत्तर धावफलकात सापडत नाही.

हाउस-सामन्याला इतके महत्त्व का, असे ज्याला वाटेल त्याने क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्सची आठवण ठेवावी. जून १८९९ मध्ये या तेरा वर्षांच्या मुलाने कनिष्ठ हाउस-सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या, आणि २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा करेपर्यंत एका डावातील सर्वोच्च वैयक्तिक धावांचा तो विक्रम टिकला. कॉलिन्स ११ नोव्हेंबर १९१४ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत मारला गेला. पहिल्या महायुद्धातील त्या एका मोठ्या उदाहरणाची छोटी छोटी रूपे दुसऱ्या महायुद्धातील या अंकांत विखुरलेली आहेत. फाइव्ह्जच्या जोडीत हाउसला कप मिळवून देणारा मुलगा दोन-तीन वर्षांनी सन्मानयादीत येतो: कधी विमानदलातील पदकासह, कधी बेपत्ता म्हणून, कधी मृत म्हणून.

ही यादी आणि हाउस-सामने पुष्कळदा समोरासमोरच्या पानांवर छापलेले आहेत. डाव्या पानावर माजी विद्यार्थ्यांचे मृत्यू, उजव्या पानावर बॉक्सिंगचे निकाल. आणि आडनावे पाहिली तर डावीकडे थोरला भाऊ व उजवीकडे धाकटा, असेही आढळते. येथेच संग्रहाच्या रचनेतील पहिला गंभीर दोष खटकतो. संकेतस्थळ आपोआप एकेकच पान दाखवते. दोन पाने शेजारी पाहण्याची सोय आहे, परंतु ती एका आडबाजूच्या मेनूत दडवलेली असून दर अंकाला नव्याने निवडावी लागते. मूळ वाचकाच्या हातात अंक ज्या रूपात पडला, ते रूप आपोआप दिसायला हवे.

दुसरा दोष शोधपेटीचा आहे, आणि त्याचे मूळ युद्धातच आहे. कागदाच्या नियंत्रणामुळे १९४१ नंतरचे अंक पातळ कागदावर आणि लहान टाइपात छापले गेले. स्कॅन करताना मागच्या पानाची शाई पुढे उमटली, आणि अक्षरे ओळखणाऱ्या यंत्रणेने दोन्ही बाजूंच्या ओळींची मिसळ केली. गद्य वृत्तांत बऱ्यापैकी शोधता येतात, पण धावफलक आणि हाउसनिहाय गुणतक्ते जवळजवळ सगळेच निसटतात. ज्या मुलाचे नाव केवळ धावफलकात आहे, तो शोधपेटीच्या लेखी शाळेत नव्हताच. एका आडनावाचे भाऊ वेगळे ओळखण्याचीही सोय नाही. आद्याक्षरे दिली तरी निकाल एकत्रच येतात.

तिसरी उणीव संदर्भाची. शाळांवर युद्धात काय ओढवले याचे एक पानही संग्रहात नाही, आणि त्यामुळे पाहुण्या संघांची नावे वाचताना नवा वाचक गोंधळतो. मॅल्व्हर्न कॉलेजची इमारत १९३९ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्यावर ती शाळा काही काळ ब्लेनिम राजवाड्यात भरत होती. स्वगृही परतल्यानंतर १९४२ मध्ये रडारवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी तिला पुन्हा बाहेर पडून हॅरो शाळेच्या आवारात जावे लागले. क्लिफ्टन १९४१ मध्ये ब्रिस्टल सोडून समुद्रकाठच्या ब्यूडला गेली आणि तिच्या रिकाम्या इमारतींत पुढे जनरल ब्रॅडली यांच्या अमेरिकन सैन्याचे मुख्यालय आले. एवढी माहिती दोन परिच्छेदांत देता आली असती.

जमेच्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. पानांच्या प्रतिमा मोठ्या आकारात उतरवून घेता येतात, मूळ पृष्ठांक जपलेले आहेत, आणि चुकीच्या वाचनाची सूचना पाठवली तर दुरुस्ती होते. मी पाठवलेल्या धावफलकांच्या दुरुस्त्या त्यांनी स्वीकारल्या आणि कळवल्याही. संग्रह सांभाळणाऱ्यांना आपल्या कामाची आस्था आहे, म्हणूनच दोन मागण्या आग्रहाने कराव्याशा वाटतात. पातळ कागदाच्या मागे काळा कागद ठेवून स्कॅन केले तर मागची शाई बरीच झाकली जाते. १९४१ ते १९४५ चे अंक त्या पद्धतीने पुन्हा घ्यावेत. तसेच मुखपृष्ठांच्या आतील बाजू वगळल्या आहेत, त्या घ्याव्यात, कारण सत्रातील हाउस-सामन्यांचे वेळापत्रक तेथेच छापलेले असे. हे होईपर्यंत नव्या वाचकाने १९४२ च्या उन्हाळी अंकापासून, दोन पाने शेजारी ठेवून, सुरुवात करावी.