शाहूपुरीतला रविवारचा किशोरवर्ग: सोबत चांगली, दहावीत मात्र गळती

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेनंतर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तासाभराचा वर्ग भरतो. फी नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि वही तेवढी आणायची.

१८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. मिशनच्या शाळा जुन्या, पण आज तिथेही एका वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकीच. हे ओळखून इथे गट वयाप्रमाणे नव्हे, तर शाळेप्रमाणे पाडले आहेत. रविवारी शेजारी बसलेलीच मुलं सोमवारी डबा खाताना भेटतात. कंटाळलेल्या पोराला वर्गाला ओढून आणायला पाळकांच्या फोनपेक्षा ही सोबत जास्त कामी येते.

जूनपासून बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान, दर रविवारी एक अध्याय, असे १६ अध्याय. गणेशोत्सवाच्या सुमारास मात्र ते बाजूला ठेवून करिंथकरांस पहिल्या पत्राचा ८ वा अध्याय घेतात, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा. हा तास सगळ्यांत जमलेला. एक मुलगा वर्गमित्र होऊन मोदक पुढे करतो, "घे की लेका, काय हुतंय?" समोरच्याने मित्राचं मन न मोडता उत्तर द्यायचं. 'आमच्यात चालत नाही' एवढ्यावर सुटका नाही, कारण सांगावं लागतं. घेणाऱ्यालाही तोच नियम!

अडतं ते वाचनात. जुन्या भाषांतराची मराठी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना झेपत नाही. जोडाक्षरांशी झटापट करण्यात पाव तास जातो आणि चर्चा आटोपती घ्यावी लागते. शनिवारी घरी अध्याय एकदा मोठ्याने वाचून घ्या, सोबत सोप्या मराठीतली प्रत द्या. पाठांतराला गुण आहेत, म्हणून वचनं जिन्यावर घोकली जातात आणि जेवणापर्यंत विसरलीही जातात.

दहावीत गळती लागते. क्लासच्या चाचण्या रविवारी, आणि बोर्डाची परीक्षा बहुतेकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळातच. वर्गाने त्यावर काहीच सोय केलेली नाही. आठवड्यात एखादी संध्याकाळ अर्धा तास ठेवली तरी भागेल. दहावीनंतर कॉलेजं वेगळी, शाळेचे गट मोडतात. मंडळीच्या तरुण संघात पंचविशीचे दादा-ताई; सोळा वर्षांचं पोर मागच्या बाकावर गप्प बसतं.

घालायचं तर आठवीच्या जूनलाच घाला, मध्येच आलेल्याला जमलेल्या गटात शिरणं जड जातं. शाळेतलं दुसरं कुणी येतं का, हे आधी विचारा. नसेल तर जवळच्या शाळेच्या गटात बसवायला सांगा.