स्वस्त स्ट्रॅटला बदलीचा नेक: स्क्वायर ॲफिनिटी आणि वॉर्मॉथ

स्क्वायर ॲफिनिटी स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारची पॉपलर लाकडाची बॉडी तिच्या किमतीच्या मानाने उत्तम आहे. पॉपलर हलक्या प्रतीचे समजून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण या किमतीत कसर राहते ती लाकडात नव्हे, तर हातकामात, म्हणजे फ्रेटच्या (नेक या लांब दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडा, नटच्या (नेकच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा आणि नेक व बॉडी यांचा सांधा यांत. म्हणून कमी किमतीची कोणतीही गिटार पाहताना मी आधी डाव्या हाताचा तळवा नेकच्या कडेवरून नटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत फिरवतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे, म्हणजे नेकच्या फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाचे, लाकूड आक्रसते, धातूचे फ्रेट मात्र तेवढेच राहतात, आणि त्यांची टोके हाताला खुपू लागतात. त्यानंतर पहिल्या व सहाव्या तारेचे शेवटच्या फ्रेटवरील कडेपासूनचे अंतर पाहावे. एक तार कडेला टेकली असेल, तर नेक बॉडीच्या खोबणीत तिरका बसलेला असण्याची दाट शक्यता असते.

हे दोन्ही दोष नवा नेक न घेताही दूर होतात. फ्रेट समतल करून त्यांच्या कडा कानशीने गोल करणे आणि नेकचे चार स्क्रू ढिले करून तो सरळ करणे, एवढे काम जाणकार कारागिराकडून करून घेतले, की ॲफिनिटीचा मूळचा मेपल नेक समाधानकारक वाजतो.

तरीही नेक बदलायचा असेल, तर वॉर्मॉथ या अमेरिकन कंपनीचा भाजलेल्या मेपलचा नेक मला सर्वाधिक पटतो. भाजल्याने लाकूड दमट हवेत कमी हलते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) वारंवार फिरवावा लागणाऱ्या वादकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. त्यावर पॉलिशचा कडक थर द्यावा लागत नाही, त्यामुळे घामट हातालाही तो चिकटत नाही. शिवाय फ्रेटबोर्डच्या गोलाव्याची त्रिज्या नटाकडे १० इंच असते आणि पुढे १६ इंचांपर्यंत वाढून तो सपाट होत जातो, म्हणून वरच्या फ्रेटवर तार ओढली तरी सूर दबत नाही. ॲफिनिटीचा ९.५ इंची गोलावा कॉर्डसाठी (अनेक सूर एकत्र वाजवण्यासाठी) सुखद आहे, पण तारा खूप खाली आणल्यास तिथे मर्यादा जाणवते.

मापांची खातरजमा मात्र खरेदीपूर्वीच करावी. स्केल (तारेची कंपन पावणारी लांबी) ६४८ मि.मी. आणि बॉडीत बसणाऱ्या भागाची रुंदी सुमारे ५६ मि.मी. हे स्ट्रॅटचे रूढ माप असले, तरी स्वस्त गिटारींच्या खोबणी एकसारख्या नसतात. ट्युनिंग कीची (तारा ताणणाऱ्या खुंट्यांची) छिद्रे जुन्या पद्धतीच्या कीसाठी सुमारे ८.७ मि.मी., तर आधुनिक कीसाठी १० मि.मी. लागतात, ऑर्डर देताना इथे चूक झाली, तर जुन्या की नव्या नेकला बसत नाहीत. स्क्रूची छिद्रे पाडण्यापूर्वी नेक खोबणीत ठेवून दोन्ही कडेच्या (पहिली व सहावी) तारा हलक्या ताणाव्यात, त्या कडांपासून समान अंतरावर आल्या की मगच खुणा कराव्यात, आणि स्क्रूच्या मधल्या दांड्याइतक्या जाडीच्या ड्रिलनेच छिद्रे पाडावीत, कारण मेपल कठीण असल्याने अरुंद छिद्रात स्क्रूचे डोके तुटते.