लिनक्स ६.६ आणि ६४ कोअर: मेमरी मॅनेजमेंटचा ओव्हरहेड खरंच किती कमी झाला? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची सर्व्हिस म्हणजे मेमरीत ठेवलेला एक मोठा इंडेक्स आणि त्यावर एकाच प्रोसेसमध्ये चालणारे शेकडो थ्रेड्स, मशीन दोन सॉकेटचं, एकूण ६४ कोअरचं. बराच काळ लिनक्सच्या ५.१५ कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावर) होतो, आता काही महिने ६.६ वर आहोत. या काळात जे दिसलं ते जरा सविस्तर लिहितोय, कारण "नवीन कर्नल टाका, फास्ट होईल" याच्या पलीकडे फारसं कोणी सांगत नाही. फायदा झालाय आणि मनापासून सांगतो, चांगला झालाय, पण सगळा काही कर्नलने आयता हातात दिला नाही, बरंचसं काम आपल्या प्रोसेसच्या बाजूलाच करावं लागलं.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. लोड वाढला की सगळे कोअर भरलेले दिसायचे पण रिक्वेस्ट काही पुढे सरकायच्या नाहीत. पर्फ टॉप (सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातोय ते दाखवणारं टूल) लावलं की वरच्या ओळीत आमचं एकही फंक्शन नाही, सगळी आरडब्ल्यूसेम (रीडर-रायटर लॉक) आणि ओएसक्यू लॉकवर (त्या लॉकसाठी थांबणाऱ्यांची रांग) फिरत बसलेली मंडळी. कारण असं की एका प्रोसेसच्या सगळ्या थ्रेड्सची ॲड्रेस स्पेस एकच असते आणि तिच्यावर एमएमॅप लॉकही एकच. पेज फॉल्ट (पेजला हात लावला पण मॅपिंग तयार नाही म्हणून कर्नलला मध्ये पडावं लागतं तो प्रसंग) तो लॉक रीडर म्हणून घेतो; एमएमॅप, एमअनमॅप, एमप्रोटेक्ट (मेमरी घेणारे, सोडणारे, तिची परवानगी बदलणारे कॉल) रायटर म्हणून घेतात. म्हणायला रीडर कितीही चालतात, पण रीडरलाही लॉकमधला काउंटर वाढवावा लागतोच ना, आणि तो काउंटर ज्या कॅशलाइनमध्ये (कॅशच्या छोट्या तुकड्यात) बसलाय ती लाइन सगळ्या कोअर्समध्ये इकडून तिकडे फिरत राहते. त्यात एखादा रायटर रांगेत आला की त्याच्या मागून आलेले रीडरही थांबतात, म्हणजे एका थ्रेडने छोटंसं एमअनमॅप केलं की ज्यांचा त्या मेमरीशी काडीचा संबंध नाही ते थ्रेडही खोळंबणार.

६.४ मध्ये (२०२३) यावर जे आलं ते म्हणजे पर-व्हीएमए लॉक (व्हीएमए म्हणजे ॲड्रेस स्पेसचा एक सलग भाग), सुरेन बगदासार्यन यांचं काम. त्याआधी ६.१ मध्ये व्हीएमए शोधायची जुनी रेड-ब्लॅक ट्री काढून मेपल ट्री आणली होती, जी आरसीयूखाली (वाचणाऱ्याला लॉक लागू नये अशी कर्नलची पद्धत) लॉक न घेता चाळता येते, आणि तो पाया होता म्हणूनच हे शक्य झालं. आता फॉल्ट आला की कर्नल मेपल ट्रीमधून तेवढा व्हीएमए शोधतो, फक्त त्याचा लॉक घेतो आणि काम उरकतो; काही अवघड निघालं तरच जुन्या रस्त्याने एमएमॅप लॉककडे जातो. आधी हे फक्त ॲनॉनिमस (मागे फाइल नसलेल्या) मेमरीला होतं, पुढे बाकीच्या प्रकारच्या फॉल्ट्सनाही येत गेलं.

आम्ही ६.४ मुद्दाम टाळलं. त्याच्या सुरुवातीच्या रिलीजमध्ये फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) चालू असताना दुसऱ्या थ्रेडने फॉल्ट घेतला तर मेमरी करप्ट व्हायची, मध्ये काही दिवस हे फीचर बंदच करून ठेवलं होतं आणि मग नीट दुरुस्त झालं. मेमरी मॅनेजमेंटमधल्या इतक्या खोलवरच्या बदलाला थोडा वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून थेट ६.६ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) घेतलं.

फरक पहिल्याच दिवसापासून दिसला. इंडेक्स वॉर्म-अप होताना, म्हणजे सगळे थ्रेड्स एकदमच नवीन पेजेसना हात लावतात तेव्हा, आरडब्ल्यूसेमच्या ओळी पर्फमधून जवळपास गायबच झाल्या. टेल लेटन्सीचे (सगळ्यात हळू रिक्वेस्टना लागणाऱ्या वेळेचे) जे सुळके यायचे तेही बरेच खाली आले. या एका गोष्टीसाठी ५.१५ वरून हलायला हरकत नाही.

पण एक ओळ मात्र वर यायला लागली, एसएमपी कॉल फंक्शन मेनी. हा टीएलबी शूटडाउन. प्रत्येक कोअरचा आपला टीएलबी असतो, त्यात कुठला व्हर्च्युअल पत्ता कुठल्या फिजिकल पेजवर हे लिहून ठेवलेलं असतं. एक्स८६ वर टीएलबीमधली नोंद खोडायची जी नेहमीची सूचना आहे ती फक्त त्याच कोअरपुरती चालते, त्यामुळे एका थ्रेडने पेज सोडलं की कर्नलला त्या प्रोसेसचे थ्रेड्स जिथे जिथे चालू आहेत त्या सगळ्या कोअर्सना इंटरप्ट पाठवावा लागतो. म्हणजे सगळ्यांना फोन लावून "तो जुना पत्ता खोडा" सांगायचं आणि शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत लाइनवर थांबायचं. थांबणं टाळता येत नाही, कारण कुणा एकाकडे जुनी नोंद राहिली आणि ते पेज दुसऱ्याला देऊन टाकलं तर तो थ्रेड भलत्याच्याच मेमरीत लिहील. कोअर जितके जास्त तितका हा फोनाफोनीचा खर्च जास्त, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तर आणखी वाईट, एखादा व्हीसीपीयू (व्हर्च्युअल कोअर) होस्टने बाजूला काढून ठेवला असेल तर बाकीचे ताटकळत राहतात.

हे बघायला काही खास टूल लागत नाही. प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल उघडा, त्यात टीएलबी नावाची एक ओळ असते, प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा. थोड्या थोड्या वेळाने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. आमच्याकडे हा आकडा लोडबरोबर नाही तर मेमरी सोडण्याच्या वेगाबरोबर वाढत होता, आणि तिथेच धागा सापडला.

आम्ही तेव्हा जीलिबसीचं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) मॅलॉक, म्हणजे मेमरी वाटणारा भाग, वापरत होतो. त्यात मुख्य अरीना (मेमरीचा साठा) सोडून बाकीच्या अरीना आधी ॲड्रेस स्पेस नुसती राखून ठेवतात आणि गरज लागेल तसं एमप्रोटेक्टने थोडं थोडं उघडतात. म्हणजे बघा, साधं मॅलॉक केलं तरी आतून एमएमॅप लॉक रायटर म्हणून घेतला जाऊ शकतो! शिवाय मोठी ॲलोकेशन्स थेट एमएमॅपने, सोडली की एमअनमॅप, प्रत्येकाच्या मागे शूटडाउन. पर-व्हीएमए लॉकने फॉल्टची बाजू सोडवली, ही बाजू त्याच्या हातातच नाहीये. थेट एमएमॅप ज्या साइजपासून होतं तो थ्रेशोल्ड वाढवून थोडा आराम मिळाला, पण खरा फरक पडला तो जेमॅलॉकवर (दुसऱ्या मॅलॉकवर) गेल्यावर. ते ६४-बिट लिनक्सवर घेतलेली ॲड्रेस स्पेस शक्यतो परत देतच नाही, आणि रिकामी झालेली पेजेस लगेच न टाकता सावकाश टाकतं; या डिकेचा डीफॉल्ट १० सेकंद आहे. आम्ही तो वाढवला. आरएसएस (प्रोसेसने व्यापलेली रॅम) वाढला हे खरं, पण सोडलेली पेजेस लगेच पुन्हा वापरली जात असतील तर ती कर्नलला देऊन परत मागण्यात अर्थ नाही: सोडताना शूटडाउन, घेताना फॉल्ट, वर पेज शून्याने भरायचा खर्च, तिन्ही वाचले. टीएलबीची ओळ एकदम शांत झाली. ज्यांच्याकडे मेमरी काठोकाठ आहे त्यांना हा सौदा परवडणार नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

ह्यूज पेजेसचंही सांगतो. २ एमबीचं एक पेज म्हणजे ४ केबीची ५१२, म्हणजे ५१२ फॉल्ट्सच्या जागी एक, आणि टीएलबीची पोहोच कितीतरी मोठी. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरच्या दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १५३६ नोंदी, ४ केबीने त्या ६ एमबी झाकतात, २ एमबीने ३ जीबी. इंडेक्ससारख्या दीर्घकाळ राहणाऱ्या मेमरीला हे अगदी चपखल बसतं. मात्र ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नल आपोआप ह्यूज पेज देतो ती सोय) "ऑलवेज"वर ठेवू नका असंच मी म्हणेन. मेमरीचे तुकडे झालेले असताना आणि डीफ्रॅगची सेटिंग आक्रमक असेल तर फॉल्टच्या आतच कॉम्पॅक्शन (पेजेस सरकवून सलग जागा करणं) सुरू होतं आणि थ्रेड तिथेच अडकतो. प्रॉकमधल्या व्हीएमस्टॅट फाइलमधला कॉम्पॅक्ट स्टॉल वाढत असेल तर समजून जा. आम्ही "एमॲडव्हाइज"वर ठेवलंय, इंडेक्सच्या भागाला तेवढं सांगतो, बाकीचं ४ केबीवर. ६.८ पासून मधल्या साइजेस पण आल्यात, १६ केबी, ६४ केबी वगैरे, पण आम्ही अजून त्यावर गेलो नाहीये.

आणि ज्याने सगळ्यात जास्त मिळालं ते म्हणजे प्रोसेस फोडली. एक अवाढव्य प्रोसेस ठेवण्याऐवजी प्रत्येक नूमा नोडला (सॉकेट आणि त्याच्या जवळची मेमरी) एक, थ्रेड्स आणि मेमरी त्याच नोडला बांधलेली. यात कर्नलची काहीच जादू नाही, साधं गणित आहे: ॲड्रेस स्पेस वेगळी म्हणजे एमएमॅप लॉक वेगळा, आणि शूटडाउन फक्त त्या नोडच्या कोअर्सपुरता, दुसऱ्या सॉकेटला इंटरप्ट जातच नाही. सगळं बांधून ठेवल्यावर ऑटोमॅटिक नूमा बॅलन्सिंगही बंद केलं, कारण ते कोण कुठली पेजेस वापरतंय हे कळावं म्हणून मुद्दाम मॅपिंग काढून फॉल्ट घडवून आणतं आणि आमच्या बाबतीत त्यातून कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इंडेक्सचा जो भाग दोघांना लागतो तो शेअर्ड मेमरीत ठेवलाय, ते वायरिंग करायला मेहनत पडली पण वसूल झाली.

मल्टी-जेन एलआरयूबद्दल (मेमरी कमी पडली की कुठली पेजेस काढायची ते ठरवायची नवी पद्धत) खूप ऐकलं होतं, आमच्याकडे मेमरीचा दाबच फारसा नसतो त्यामुळे चांगलं-वाईट काही दिसलं नाही. पर-सीपीयू पेज लिस्टचंही (प्रत्येक कोअरजवळचा मोकळ्या पेजेसचा साठा) तसंच, झोन लॉकवर (सामायिक साठ्याच्या लॉकवर) गर्दी दिसली नाही म्हणून हात लावला नाही, आणि ६.७ पासून त्यांची साइज कर्नल स्वतःच जुळवून घेतो.

जे अजून सुटलेलं नाही ते फोर्क. स्नॅपशॉट घ्यायला आम्ही फोर्क करतो, आणि ४ केबी पेजेसची १०० जीबी ॲनॉनिमस मेमरी असेल तर नुसती शेवटच्या पातळीची पेज टेबल्सच (पत्त्यांचे तक्ते) जवळपास २०० एमबी, ती कॉपी होईपर्यंत एमएमॅप लॉक रायटर म्हणून अडकलेला. त्यात पॅरेंटची पेजेस रीड-ओन्ली होतात म्हणून एक मोठा फ्लश, आणि मग प्रत्येक लिहिण्याला कॉपी-ऑन-राइटचा (लिहिताना पेजची प्रत काढण्याचा) फॉल्ट. ह्यूज पेजेसमुळे हे कमी झालंय, गेलेलं नाही. लहानसहान हेल्पर प्रोग्रॅम सुरू करायला फोर्कऐवजी पोझिक्स स्पॉन लावलं, ते मेमरी कॉपी करतच नाही, त्यामुळे तिकडचा त्रास पूर्ण संपला. स्नॅपशॉट मात्र सध्या रहदारी कमी असते त्या वेळेला, एका वेळी एकाच नोडवर घेतो, आणि पुढचं काम तो फोर्कशिवाय लिहायचं आहे.