गुरखाचे दोन डिफ लॉक: ठाण्यात राहणाऱ्या मालकाचा अनुभव

फोर्स गुरखा विकत घेणाऱ्या बहुतेकांना तिची उंची, काचेच्या कडेने वर गेलेला स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आणि चौकोनी बांधा आवडतो. माझ्या मते मात्र या गाडीचा खरा ऐवज पुढच्या दोन आसनांच्या मधल्या जागेत, हँडब्रेकसारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या लिव्हरमध्ये आहे. एका लिव्हरने पुढचे डिफरन्शियल लॉक होते, दुसऱ्याने मागचे. 2021 साली आलेली तीनदारी गुरखा मी घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत ठेवतो, रोजच्या कामाला नेतो आणि सवड मिळाली की मुरबाड किंवा शहापूरच्या बाजूला चालवतो. गाडीच्या इतर गुणदोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे फक्त या दोन लॉकचे परीक्षण करतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: मागचा लॉक हा या गाडीचा सर्वांत उपयोगी भाग आहे, पुढचा लॉक क्वचितच लागतो, आणि दोन्ही लॉक चालकाच्या हातात असणे हे ते गाडीत असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

डिफरन्शियलचे मूळ काम वळणावर एक्सलच्या, म्हणजे एकाच आसावरच्या, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे आहे, कारण बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. साधे, म्हणजे खुले डिफरन्शियल हे काम चोख करते, पण ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते, आणि सगळी अडचण इथेच आहे. समजा एक चाक ओल्या शेवाळावर आहे आणि ते 100 न्यूटन-मीटर टॉर्क मिळताच घसरू लागते. मग दुसरे चाक कोरड्या कातळावर घट्ट टेकलेले असले तरी त्यालाही तेवढेच 100 मिळतात, आणि दोन्ही मिळून 200 न्यूटन-मीटरमध्ये दोन टनांची गाडी चढावर हलत नाही. चाक पूर्ण हवेत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. लॉक लावल्यावर दोन्ही चाके एकाच गतीने फिरायला बांधली जातात. मग घसरणारे चाक जेवढे घेईल तेवढे घेते आणि उरलेला सगळा जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो. इंजिनाची ताकद लॉकमुळे तसूभरही वाढत नाही, असलेली ताकद वाया जायची थांबते.

गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो, मग लॉक कशाला, असे अनेक जण विचारतात. गुरखाची फोर बाय फोर पद्धत पार्ट-टाइम आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही आणि फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांना बांधले जातात. पण प्रत्येक एक्सलवरचे डिफरन्शियल खुलेच राहते. त्यामुळे समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके, उदाहरणार्थ पुढचे उजवे आणि मागचे डावे, एकाच वेळी उचलली गेली की चारही चाकांना जोर देणारी म्हणवणारी गाडी जागीच उभी राहते. यालाच ऑफ-रोडवाले क्रॉस-एक्सल म्हणतात.

मुरबाडजवळ एका परिचितांच्या खासगी माळावर पावसाच्या पाण्याने तिरका कापलेला एक ओघळ आहे, खाली मुरूम आणि मध्ये बसक्या आकाराचे दगड. लॉकची पारख करायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. फोर लो (चारही चाकांना जोर देणारा, वेग कमी करून ताकद वाढवणारा लो रेशो) आणि पहिल्या गिअरमध्ये ओघळात तिरके उतरले की मागचे डावे चाक जमिनीपासून वर उचलले जाते, पुढच्या उजव्या चाकाचा भार जवळपास नाहीसा होतो आणि ती दोन्ही चाके आरामात फिरत राहतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर फक्त मुरूम उडतो आणि मोकळ्या चाकाखालचा खड्डा खोल होतो. थांबून, मागचा लिव्हर ओढून, क्लच हळूच सोडला की पायाखालच्या पत्र्यातून एक ‘टक्’ जाणवते आणि गाडी ॲक्सिलरेटरला पायही न लावता, इंजिनाच्या आयडलिंगवरच ओघळाबाहेर चालू लागते. 2.6 लिटरच्या डिझेल इंजिनाची 90 हॉर्सपॉवर महामार्गावर कमी वाटते हे खरे आहे, पण इथे 250 न्यूटन-मीटर टॉर्क, लो रेशो आणि लॉक यांच्या जोडीने अधिक काही मागावेसे वाटत नाही. त्या ओघळात पुढच्या लॉकची गरज कधीच पडली नाही.

लिव्हर वापरण्याची रीत मात्र समजून घ्यावी लागते. लॉकचे दात एकमेकांसमोर आले तरच ते आत बसतात, म्हणून लिव्हर ओढला म्हणजे लॉक लागलाच असे गृहीत धरू नये. गाडी हातभर पुढे सरकू द्यावी, म्हणजे दात जुळतात. चाक जोरात फिरत असताना लिव्हर ओढणे हा दात आणि हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) यांच्यावर अत्याचार आहे. अडथळा समोर दिसतो तेव्हाच, सरळ रेषेत, रांगत्या वेगाला लॉक लावावा. काढतानाही तेच: लिव्हर खाली केला तरी एक्सलमध्ये पीळ साठलेला असेल तर लॉक लगेच सुटत नाही, आणि नवखा चालक तो सुटला असे समजून वळायला जातो. अशा वेळी थोडे मागे घ्यावे किंवा सैल जमिनीवर सरळ चालवावे, पीळ मोकळा होतो आणि लॉक सुटतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका जुन्या मेकॅनिकने मला हे एका वाक्यात सांगितले होते: “साहेब, लॉक लावून वळायचं नाही, आणि वळायचं असेल तर आधी लॉक काढायचा.”

पुढच्या लॉकला हे वाक्य दुप्पट लागू आहे. पुढचे डिफरन्शियल लॉक झाले की दोन्ही पुढची चाके एकाच गतीने फिरू पाहतात, त्यामुळे स्टीअरिंग जड होते, गाडी वळायला नकार देऊन सरळच जाते आणि चाके वळलेली असताना जोर दिला तर सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळलेल्या चाकालाही जोर पोहोचवणाऱ्या सांध्यावर, भलताच ताण येतो. पुढचा लॉक मी फक्त एका परिस्थितीत वापरतो: समोर सरळ, तुटका, पायऱ्यांसारखा चढ असेल, मागची चाके लॉक असूनही घसरत असतील आणि पुढचे एक चाक पायरीच्या कडेला टेकलेले असेल. तिथे पुढचा लॉक लावताच ते टेकलेले चाक गाडीचे नाक वर ओढून घेते. चढ संपला की लिव्हर लगेच खाली. ज्यांना दोन्ही लिव्हर एकदम ओढून ठेवण्याची हौस असते त्यांनी हाफ शाफ्टची किंमत आधी विचारून घ्यावी.

लॉकविषयी सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट आडव्या उताराची आहे. डोंगराच्या कडेने, एका बाजूला कललेल्या ओल्या चिखलातून जाताना खुल्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरते, पण दुसरे जवळजवळ स्थिर राहून गाडीला जागेवर धरून ठेवते. लॉक लावलेला असेल तर दोन्ही चाके एकदम पकड सोडतात आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या दिशेने सरकू लागतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या लाल-तपकिरी मातीवर तेलासारखा थर चढतो, तेव्हा हे फार लवकर घडते. म्हणून अशा जागी मी लॉक न लावता, टायरची हवा 20 पीएसआयच्या आसपास उतरवून, हळू जाणे पसंत करतो. हवा उतरवल्याने टायरचा जमिनीवर टेकणारा भाग वाढतो आणि बऱ्याच वेळा लॉकची गरजच संपते. अर्थात कल्याण-मुरबाड रस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरलीच पाहिजे, त्यासाठी गाडीत छोटा कंप्रेसर हवा.

आता तुलना. महिंद्रा थारच्या 2020 च्या पिढीत काही व्हेरिएंटना मागच्या एक्सलवर ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉक मिळतो. तो आपोआप चालतो: मागच्या दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने बाहेर फेकली जातात, क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि एक्सल लॉक होतो, ताशी सुमारे 30 किलोमीटरच्या वर तो लागत नाही. चालकाला काही लक्षात ठेवावे लागत नाही हा त्याचा मोठा फायदा आहे, आणि कुटुंबात दोघे-तिघे गाडी चालवत असतील तर मी हीच पद्धत सुचवेन. पण चाक आधी घसरले पाहिजे, मगच लॉक लागतो. सैल दगडांच्या चढावर ती अर्धी फेरीही गाडीला कडेला नेऊ शकते, आणि नंतर लॉक झटक्याने लागतो. गुरखात मी अडथळ्याच्या आधीच तयार असतो. मारुती जिम्नीत 2023 पासून मिळणारी पद्धत आणखी वेगळी आहे: तिथे लॉक नाहीच, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे टॉर्क पाठवला जातो. गाडी हलकी असल्याने ही युक्ती चांगली चालते. मात्र ॲक्सिलरेटर न घाबरता दाबून ठेवावा लागतो, थोडा जोर ब्रेकमध्ये खर्च होतो आणि लांबलचक चढावर ब्रेक तापतात. 2024 च्या थार रॉक्सच्या फोर बाय फोर आवृत्तीत बटणाने लागणारा इलेक्ट्रॉनिक मागचा लॉक आला, आणि मला वाटते बहुतेक लोकांसाठी तोच सर्वांत समजूतदार मार्ग आहे. पुढचा लॉक कारखान्यातूनच हवा असेल तर आपल्या बाजारात या किमतीच्या आसपास गुरखाखेरीज पर्याय दिसत नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या रोजच्या रस्त्यांवर या लॉकचा उपयोग शून्य आहे. काँक्रीटवर किंवा डांबरावर लॉक तर सोडाच, फोर बाय फोरही लावू नये, कारण चाकांना घसरून पीळ सोडायला जागाच मिळत नाही. घोडबंदरच्या खड्ड्यांना सस्पेन्शन पुरेसे आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि खाडीकाठची तिवरे संरक्षित आहेत. या दोन्ही ठिकाणी लॉकची परीक्षा घेण्याचा विचारही मनात आणू नये. शेतात पीक उभे असताना बांध ओलांडणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. जमीनमालकाची परवानगी काढून मोकळ्या माळावर जाणे एवढाच सरळ मार्ग आहे.

देखभालीचा मुद्दा छोटा पण त्रासदायक आहे. खाडीजवळच्या दमट हवेत न वापरलेली कोणतीही यांत्रिक जोडणी जड होते, म्हणून महिन्यातून एकदा सैल मातीवर दोन्ही लॉक लावून काढावेत. कंपनी 700 मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते, पण गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडले की आत पोकळी निर्माण होऊन सीलमधून किंवा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करण्याच्या वाटेतून) पाणी ओढले जाऊ शकते. ओढा पार केल्यानंतर तेल तपासावे आणि ते दुधाळ दिसले तर लगेच बदलावे. एका वर्कशॉपने मला दोन्ही डिफरन्शियलचे तेल तपासल्याचे बिलात लिहून दिले होते, आणि फिलर प्लगच्या खाचेत मुरबाडची वाळलेली माती जशीच्या तशी बसलेली होती. तेव्हापासून हे काम मी गाडीशेजारी उभे राहून करून घेतो.

2024 मध्ये गुरखाचे इंजिन 140 हॉर्सपॉवरचे झाले, पाचदारी आवृत्ती आली आणि फोर बाय फोरसाठी फिरवायचे बटण आले. दोन्ही लॉक मात्र कायम राहिले. नवी गाडी परवडत असेल तर तीच घ्यावी. जुनी 2021 ची घेणार असाल तर नुसत्या चकरेवर समाधान मानू नका, गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घ्यायला लावा. हँडब्रेक सोडून, इंजिन बंद ठेवून, पहिला गिअर टाकून मागचे एक चाक हाताने फिरवा: लॉक नसताना दुसरे चाक उलट दिशेने फिरले पाहिजे. मग लिव्हर ओढा आणि चाक थोडे पुढेमागे हलवा; दात बसल्यावर दोन्ही चाके जागची हलता कामा नयेत. फोर बाय फोर लावून पुढच्या एक्सलची हीच तपासणी करा, आणि विक्रेता त्यासाठी वेळ नाही म्हणत असेल तर दुसरी गाडी बघा.