शिरोलीची धूळ, महामार्गाचा धूर आणि चेहरा: दिवाळी ते पावसाळा काय काय वापरलं

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, राहायला फुलेवाडीत. म्हणजे रोज गाडीवरून रंकाळा, दसरा चौक, कावळा नाका, तावडे हॉटेल आणि पुढं महामार्ग. तिथं सहापदरीकरणाची माती, कारखान्यात शिरलं की मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवायची काळी वाळू. त्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते, ती कुठंही जाऊन बसते. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, याचं आमच्या शॉपमध्ये कुणाला नवल वाटलं नाही. संध्याकाळी नाक शिंकरलं की अहवाल रुमालावर असतोच.

गालफडांवर तपकिरी डाग, दाढी केली की आग आणि नाकाच्या कडेला सालपटं, एवढ्यावर राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडं गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "घरी गेल्यावर तोंड कशानं धुता?" अंगाच्या साबणानं, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. आमच्याकडं सगळे तसंच करतात, काहीजण तर हातासाठी ठेवलेली पावडरच तोंडाला लावतात. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 9-10 च्या घरात, त्वचेचा साधारण 5. रोज घासलं की वरचा थर कमजोर होतो आणि धुरातलं जे बाहेर राहायला हवं तेच आत शिरतं.

यातली एक गोष्ट मला फार पटली. डिझेलच्या काजळीला पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची रसायनं चिकटलेली असतात आणि ती तेलात विरघळतात. चेहरा तेलकट असला की त्यांची सोयच. नुसतं पाणी मारून ती निघत नाहीत, आणि आत गेली की रंगद्रव्य वाढवायला हातभार लावतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या 400 वयस्कर बायकांच्या अभ्यासात, काजळी ठरावीक प्रमाणात वाढली तिथं कपाळ आणि गालावरचे डाग सुमारे 20 टक्क्यांनी जास्त सापडले होते. म्हणजे डागांचं खापर नुसत्या उन्हावर फोडता येत नाही.

आता वापराचं. सगळ्यात जास्त फरक पडला तो साबण नसलेल्या, वास नसलेल्या, फेसही धड न येणाऱ्या फेसवॉशनं. पहिल्या दिवशी वाटलं, यानं काय निघणार? पण घरी आल्यावर मिनिटभर हलक्या हातानं चोळून धुतलं की टॉवेल पांढरा राहतो. सकाळी एकदा, आल्यावर एकदा, बास. त्यावर लगेच सिरॅमाइडचं, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात असतो तसल्या स्निग्ध घटकाचं, मॉइश्चरायझर. थंडीत सालपटं यायची ती यंदा आलीच नाहीत आणि दाढीनंतरची आगही गेली. दोन्ही मिळून महिन्याला चारेकशे रुपये पडतात.

सनस्क्रीनचं मात्र भांडण चालूच आहे. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि 50 साधारण 98, त्यामुळं आकड्यापेक्षा किती लावतो ते महत्त्वाचं. दोन बोटं भरून लावायचं म्हणे! तेवढं लावून गेलो तर शॉपमध्ये, "काय भावा, पिक्चरचं शूटिंग हाय काय?" मार्च-एप्रिलमध्ये भट्टीजवळ घामानं ते डोळ्यात उतरतं, चरचरतं. आता जेल स्वरूपातलं घेतलंय, ते बरं आहे. डागांसाठी मॅडमनी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सुचवलं होतं, कारण दिसणाऱ्या प्रकाशानंही डाग गडद होतात. पण माझ्या रंगाला जुळणारं काही मिळालं नाही.

नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी3 चा एक प्रकार) 5 टक्के रात्री लावतो. डाग फिके झाले, गेले नाहीत. बायको म्हणते निम्मे गेले, मी म्हणेन थोडेसे.

व्हिटॅमिन सी सीरमचं तत्त्व चांगलं आहे. धूर आणि ऊन त्वचेत जे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर कण, तयार करतात, त्यांना ते थोपवतं. पण 15 टक्क्यांची महागडी बाटली मे महिन्यात गुळाच्या काकवीसारखी झाली. हवा आणि उष्णता लागली की ते ऑक्सिडाइज होतं आणि मग लावून उपयोग नाही.

आणि 'अँटी-पोल्युशन' लिहिलेला फेस मिस्ट. एसपीएफ मोजायला ठरलेली चाचणी असते, या शब्दामागं तसा सगळ्यांनी मान्य केलेला आकडा नाही, ज्याला जे वाटेल ते छापतो. महामार्गावर ओल्या तोंडावर धूळ उलट जास्त बसायची. चारकोल फेसवॉशही तसाच. दिवसभर कोळशाची भुकटी अंगावर घेऊन घरी यायचं आणि पैसे देऊन पुन्हा कोळसाच लावायचा, हे आमच्या आईला काही केल्या पटेना. तिचं खरं होतं, त्यानं चेहरा नुसता ताणला जायचा.

फुकटातलं एक काम कुणी सांगत नाही. हेल्मेटच्या आतली गादी काढून धुवा. माझी धुतली तेव्हा बादलीतलं पाणी काळं झालं. कपाळावरच्या पुळ्या त्यानंतर कमी झाल्या. रुमाल बांधत असाल तर तो सुती असू दे आणि रोज बदला, नाहीतर कालचीच धूळ आज तोंडावर घासता. फेटलिंगजवळ, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथं, जाताना मात्र रुमाल चालत नाही, तिथं एन95 च. तिथली सिलिका फुप्फुसात जाते, त्यापुढं डागांचं काय घेऊन बसलात.

पाऊस सुरू झाल्यापासून हवा धुऊन निघालीय, तेव्हा सध्या फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच चालू आहे. ऊसाचा हंगाम लागून गच्चीवर काळी राख पडायला लागली की सीरमची छोटी बाटली घेईन, थंडीत ती काळी पडायच्या आत संपते.