मेटा अ‍ॅड लायब्ररी: स्पर्धकाच्या जाहिरातींतून काय कळतं आणि काय कळत नाही

स्पर्धकाची वेबसाइट आणि भाव पाहून कळतं ते त्याने मांडून ठेवलेलं. तो रोज खिशातले पैसे कशावर घालतो हे त्याहून बोलकं असतं, आणि ते पाहायला छोट्या व्यावसायिकासाठी मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) अ‍ॅड लायब्ररीइतकं कामाचं फुकट साधन दुसरं नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आत्ता चालू असलेल्या जाहिराती इथे दिसतात, पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्टसुद्धा. त्यासाठी खातंही लागत नाही.

२०१८ मध्ये ही सोय राजकीय जाहिरातींपुरती आली, २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. त्या उगमामुळे पहिली चूक होते. देश निवडल्यावर जाहिरातीचा प्रकार विचारला जातो. तिथे निवडणूक आणि सामाजिक प्रश्नांचा पर्याय घेतला की साध्या व्यवसायाच्या जाहिराती दिसतच नाहीत आणि स्पर्धक गप्प बसलाय असा समज होतो. 'सर्व जाहिराती' हाच पर्याय घ्यायचा. दुसरी चूक नावाची. फलकावरचं नाव आणि फेसबुक पेजचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. स्पर्धकाच्या वेबसाइटवर तळाशी असलेल्या फेसबुकच्या चिन्हावरून त्याच्या पेजवर जावं आणि तिथलं नाव जसंच्या तसं शोधात टाकावं.

नाव माहीत नसलेले स्पर्धक शोधायला शब्दशोध वापरावा. मालाचं नाव टाकण्यापेक्षा गिऱ्हाईक ज्या अडचणीसाठी तो माल घेतं, ती अडचण टाकली तर अनपेक्षित पेजेस समोर येतात. नेमकं वाक्य हवं असेल तर अवतरणचिन्हांत लिहावं. मराठी, इंग्रजी आणि इंग्रजी अक्षरांतली मराठी, तिन्ही करून पाहावं. एकाच लिपीत शोधलं तर बरेच स्पर्धक निसटतात.

आता खरा ऐवज: प्रत्येक जाहिरातीवर ती कधी सुरू झाली ती तारीख असते. महिना-दीड महिना चालू असलेली जाहिरात बहुधा काहीतरी कमावते आहे, असा अंदाज बांधता येतो. पण अंदाजच. मालक बंद करायला विसरला असेल, किंवा रोजचं बजेट इतकं कमी असेल की नुकसान जाणवत नसेल. म्हणून तारखेला दोन जोड द्याव्यात. एक, तेच चित्र आणि तोच मजकूर किती जाहिरातींत वापरलाय, हा आकडा जाहिरातीवरच दिसतो. दोन, नव्या जाहिरातींतही तीच ऑफर पुन्हा येते का. तिन्ही जुळलं तर खूण पक्की. नुसत्या तारखेवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे: चाललेल्या जाहिरातीची प्रत काढून पुन्हा लावली की तिला नवा लायब्ररी क्रमांक आणि नवी तारीख मिळते. जुनं यश मग नवंकोरं दिसतं.

उलट बाजूही तितकीच फसवी. तीन-चार दिवसांत गायब झालेली जाहिरात अपयशी होती असं म्हणता येत नाही. जाहिरात कोणाला दाखवावी हे शिकून स्थिर व्हायला मेटाच्या यंत्रणेला आठवड्यात साधारण ५० विक्री किंवा चौकशा लागतात. पुष्कळ छोटे व्यावसायिक तिथवर पोचण्याआधीच धीर सोडतात.

जाहिरातीतलं बटण दाबून पाहायचं राहू नये. ते व्हॉट्सअ‍ॅपवर नेतं, फॉर्मवर की थेट खरेदीच्या पानावर, यावरून स्पर्धकाची विक्रीची साखळी उलगडते. काही वेळा उघडलेल्या पानाच्या पत्त्यात जाहिरात मोहिमेचं नावही वाचता येतं.

मोठी उणीव अशी की साध्या जाहिरातीचा खर्च, क्लिक आणि ती कोणाला दाखवली हे सहसा दिसत नाही. युरोपीय संघ हा याला एक अपवाद आहे. तिथे दाखवलेली जाहिरात बंद झाल्यावरही वर्षभर राहते आणि वय, लिंग, ठिकाणानुसार किती लोकांपर्यंत पोचली तेही कळतं. स्पर्धक तिथे विकत असेल तर देश बदलून जरूर पाहावं. इतरत्र साधी जाहिरात थांबली की सहसा लायब्ररीतूनही जाते. यादी तक्त्यात उतरवून घ्यायची सोय नाही, ती हातानेच करावी लागते.

म्हणून वही किंवा शीट हवीच. चार-पाच स्पर्धक, आठवड्यातला एक ठरलेला वार, वीस-तीस मिनिटं. रकाने: पाहिल्याची तारीख, लायब्ररी क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, फोटो की व्हिडिओ, पहिली ओळ, ऑफर, बटण कुठे नेतं. सोबत स्क्रीनशॉट. प्रत काढलेली जाहिरातही या शीटमध्येच पकडली जाते, कारण पहिली ओळ तीच असते. चित्र किंवा मजकूर उचलू मात्र नये. तो कॉपीराइटचा भंग आहे, आणि तक्रार झाली तर आपली जाहिरात उतरते. घ्यायची ती ऑफरची रचना.

गूगलवरच्या जाहिरातींसाठी २०२३ मध्ये आलेलं अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे, पण ते मेटाइतकं उपयोगी नाही. शब्द टाकून शोधता येत नाही, आणि जाहिरातदाराचं नोंदणीकृत नाव दुकानाच्या नावाशी जुळेलच असं नाही. तिथे नावाऐवजी वेबसाइटचा पत्ता टाकून शोधलं तर काम लवकर होतं.